बेटाच्या दारात कांगावा

माझ्या भाच्याला मेलबर्नला नोकरी लागली. पेढे वाटून झाले, व्हिसा आला, कोथरूडचा फ्लॅट भाड्याने द्यायचं ठरलं, आणि मग एका रविवारी तो तणतणत माझ्याकडे आला. बरोबर ब्रुनो: साडेचार वर्षांचा, बत्तीस किलोंचा लॅब्रेडॉर. ब्रुनो आल्या आल्या माझ्या पायांवर हनुवटी टेकून पसरला. भाचा मात्र उभाच. "मामा, माणूस एका दिवसात पोचतो आणि कुत्र्याला सहा महिन्यांच्या वर? तेही आधी तिसऱ्याच देशात नेऊन ठेवायचं? वर तिथे उतरल्यावर पुन्हा दहा दिवस डांबायचं? हा निव्वळ माज आहे."

ही तक्रार त्या एकट्याची असती तर चहा पाजून वाटेला लावला असता. पण परदेशी निघालेल्या घरांत हल्ली ती हमखास ऐकू येते. कुत्रा घरातला मुलगाच असतो, मग त्याला सामानासारखं का वागवायचं, लशी टोचल्यात, कार्ड आहे, आणखी काय हवं? ऐकणारेही माना डोलावतात, कारण समोर ब्रुनोसारखा चेहरा असतो. मला ब्रुनो आवडतो. तरीही मी म्हणतो, की चूक बेटाची नाही, तक्रार करणाऱ्याची आहे. आणि ज्याला कुत्र्यांचा खरा कळवळा आहे, त्याने तर हा नियम उचलून धरला पाहिजे.

आधी नियम काय आहे ते सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या मान्यताप्राप्त देशांच्या यादीत भारत नाही. त्यामुळे इथून कुत्रा थेट नेता येत नाही. आधी यादीतल्या एखाद्या देशात, म्हणजे सिंगापूर किंवा संयुक्त अरब अमिरातीसारख्या ठिकाणी न्यायचा आणि तिथून पुढची तयारी करायची. मायक्रोचिप, रेबीजची लस, मग लस लागू पडली का हे पाहणारी रक्ताची चाचणी. तो नमुना प्रयोगशाळेत पोचल्यापासून किमान १८० दिवस थांबायचं. मग परवाना, गोचिडांवरची औषधं, आणखी काही चाचण्या, आणि शेवटी मेलबर्नजवळच्या मिकलहॅम इथल्या सरकारी केंद्रात किमान दहा दिवस. देशभरात कुत्र्या-मांजरांसाठी हे एकच केंद्र आहे.

आता भाच्याचे मुद्दे एकेक घेऊ.

पहिला मुद्दा कार्डाचा. मी म्हटलं, दाखव. त्याने पिशवीतून ब्रुनोचं लसीकरणाचं पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर गोंडस पिल्लू, आत औषध कंपनीची जाहिरात, मग तक्ता. लशीच्या बाटलीवरचे स्टिकर चिकटवलेले, त्यातले दोन निम्मे सुटलेले. डॉक्टरांची सही म्हणजे एक वेलांटी. एका तारखेवर दुसरी तारीख गिरवलेली. वर्णनाच्या रकान्यात 'लॅब, नर, पिवळा', आणि चिप क्रमांकाचा रकाना कोरा. मी विचारलं, "या वर्णनाचे कुत्रे एकट्या पुण्यात किती असतील? हे पुस्तक ब्रुनोचंच आहे हे कशावरून सिद्ध करशील?" तो म्हणाला, "मी सांगतोय ना!" घोडं इथेच पेंड खातं. आपल्या शब्दावर आपला विश्वास असतो. समुद्रापलीकडच्या अधिकाऱ्याने तो का ठेवावा? म्हणूनच चिप आधी आणि लस नंतर हा क्रम आहे. चिपच्या आधी टोचलेली लस कोणाला टोचली याचा पुरावा उरत नाही.

कागदांवरचा हा अविश्वास हवेतून आलेला नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राला २०२० मध्ये साडेचारशेहून जास्त कुत्र्यांची रेबीजची प्रमाणपत्रं खोटी किंवा बनावट आढळली. २०२१ च्या जून महिन्यात अझरबैजानहून शिकागोला आलेल्या जथ्यातला एक कुत्रा पेन्सिल्व्हेनियात पोचल्यावर पिसाळला. त्याच्याकडेही लशीचं प्रमाणपत्र होतं. ऑस्ट्रेलियाने मार्च २०२३ पासून नियम कडक केले तेही याच काळजीपोटी: रक्ताचा नमुना घेण्याआधी सरकारी पडताळणीने कुत्र्याची ओळख पटवलेली असेल तर दहा दिवस, नसेल तर किमान तीस. शंका कुत्र्याबद्दल नाही, कागद लिहिणाऱ्या माणसाबद्दल आहे. आणि आपण भारतीयांनी तरी शिक्का मारलेल्या कागदाच्या पावित्र्याबद्दल बोलू नये.

दुसरा मुद्दा जास्त हुशारीचा आहे. "ठीक आहे, कार्डावर विश्वास नाही. पण रक्ताची चाचणी तर खोटं बोलत नाही? ती पास झाली की लगेच सोडा. पुढचे १८० दिवस कशाला?" हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती चाचणी काय सांगते हेच माहीत नसतं. ती रेबीजचा विषाणू शोधत नाही. लशीमुळे शरीरात पुरेशी प्रतिपिंडं तयार झाली का, एवढंच ती मोजते, मिलिलिटरमागे ०.५ आंतरराष्ट्रीय एकक ही तिची मर्यादा. पण लस टोचण्याच्या आदल्याच आठवड्यात कुत्र्याला कोणी चावलं असेल तर? विषाणू रक्तातून धावत नाही. चावलेल्या जागेपासून मज्जातंतूंच्या वाटेने तो मुंगीच्या पावलांनी मेंदूकडे जातो. कधी दोन-तीन आठवडे, कधी काही महिने. त्या काळात कुत्रा खातो, खेळतो, शेपूट हलवतो, आणि रक्ताची चाचणीही झोकात पास होतो. जिवंत कुत्र्यात दडलेला रेबीज खात्रीने दाखवेल अशी चाचणी नाही. खात्रीचं निदान मेलेल्या जनावराच्या मेंदूवरूनच होतं. मग उरतं काय? वेळ. आत काही दडलेलं असेल तर ते सहा महिन्यांत वर येईल, हा त्या १८० दिवसांचा साधा हिशेब. आणि हा हिशेब भारतापुरता नाही. जर्मनी किंवा अमेरिकेतून येणाऱ्या कुत्र्यालाही रक्ताच्या नमुन्यानंतरचे हेच १८० दिवस लागतात.

"आमचा ब्रुनो कधी रस्त्यावर जात नाही" हा तिसरा मुद्दा. आपला तो बाब्या! ब्रुनो रोज सकाळी सोसायटीच्या फाटकाबाहेर जातो. तिथे कचराकुंडीशेजारी चार भटकी कुत्री बसतात, आणि त्यांच्यातल्या एकाशी त्याची दोस्ती आहे, असं भाचाच कौतुकाने सांगतो. गेल्या पावसाळ्यात ब्रुनोला गोचिडताप झाला होता, आठवडाभर सलाइन लागलं होतं, प्लेटलेट खाली गेल्या होत्या. कुत्रा पाळणाऱ्या घरांना हे आजारपण नवं नाही. तो गोचीड काय लिफ्टने फ्लॅटमध्ये आला?

आपल्याकडे नित्याचा असलेला, गोचिडताप आणणारा हा एर्लिकिया नावाचा जंतू ऑस्ट्रेलियात नव्हता. २०२० मध्ये तो पहिल्यांदा पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागातल्या कुत्र्यांत सापडला. मग उत्तर भागात पसरला, आणि दुर्गम आदिवासी वस्त्यांतली कुत्री मोठ्या संख्येने मेली. आपला कुत्रा हा आजार थोडाबहुत झेलतो, कारण डॉक्टर ओळखतात, औषध कोपऱ्यावर मिळतं. ज्या वस्तीपासून पशुवैद्य शेकडो किलोमीटरवर आहे, तिथल्या कुत्र्याला कोण वाचवणार? मिकलहॅममध्ये अंगावरचा केस न् केस बाजूला करून बघतात ते यासाठी. ते दहा दिवस मुख्यतः रेबीजसाठी नाहीतच. रेबीजचा बंदोबस्त आधीच्या सहा महिन्यांनी झालेला असतो.

चौथा मुद्दा आकसाचा: "आपण भारतीय म्हणून हे चाललंय, गोऱ्यांना सगळं माफ असतं." २०१५ साली हॉलिवूडचा नट जॉनी डेप चित्रीकरणासाठी क्वीन्सलँडला गेला. त्याची आणि त्याची पत्नी अँबर हर्डची पिस्टल आणि बू ही दोन यॉर्कशायर टेरियर कुत्री खासगी विमानातून, न जाहीर करता देशात शिरली. केस कापायच्या दुकानात नेली तेव्हा बिंग फुटलं. कृषिमंत्री बार्नबी जॉइस यांनी मुदत दिली: परत पाठवा, नाहीतर कुत्री ठार केली जातील. कुत्री परत गेली. पुढच्या वर्षी हर्डने प्रवेशाच्या फॉर्मवर खोटी माहिती दिल्याचा गुन्हा कोर्टात कबूल केला आणि दोघांनी कॅमेऱ्यासमोर बसून माफी मागितली. जगातल्या सगळ्यात महागड्या नटांपैकी एकाला जी सवलत मिळाली नाही ती कोथरूडला मिळाली नाही म्हणून आकस कसला?

दूर कशाला जायचं, लक्षद्वीप आपलंच आहे. तिथे कुत्रा न्यायला बंदी आहे, तिथे कुत्री नाहीत, आणि म्हणून रेबीजही नाही. सुट्टीत अगत्तीला जाऊन निळ्या पाण्याचे फोटो टाकताना हा नियम कोणाला वंशद्वेषी वाटल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता बेटांवर एकदा चूक झाली की काय होतं ते बघू. इंडोनेशियातलं फ्लोरेस बेट रेबीजमुक्त होतं. १९९७ मध्ये सुलावेसीजवळच्या बुटोन बेटावरून होडीतून तीन कुत्री आली. तेवढी पुरली. बाली २००८ पर्यंत मुक्त होतं. तिथेही मासेमारीच्या नावेतून आलेल्या एखाद्या कुत्र्याने रेबीज आणला असावा असं मानलं जातं. पुढच्या दोन वर्षांत शंभराहून जास्त माणसं मेली. २०२३ मध्ये तो पश्चिम तिमोरला पोचला, २०२४ मध्ये पूर्व तिमोरला. तिथल्या दिलीहून डार्विन विमानाने दीड तासाच्या आत आहे. ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्याची झोप उडते ती यामुळे. तिथे डिंगो आहेत, रानटी कुत्र्यांचे कळप आहेत, माणूस महिनोन्महिने फिरकत नाही असे मुलूख आहेत. विषाणू एकदा त्या कळपांत शिरला तर बाहेर कोण काढणार? ब्रिटन आज भारतातून आलेल्या कुत्र्याला रक्ताच्या नमुन्यानंतर तीन महिन्यांनी घेतं, वेगळं न ठेवता. मग ऑस्ट्रेलियाच एवढं का ताणतं, असं भाचा विचारतो. त्याचं उत्तर या भूगोलात आहे.

कुत्र्यावरच्या प्रेमाच्या नावाने बोलणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. फ्लोरेसवर आणि बालीवर रेबीज शिरला तेव्हा आधी काय झालं? कुत्री मारली. गावोगाव, मोठ्या प्रमाणावर, निरोगी कुत्रीसुद्धा. फ्लोरेसवर तर एवढं करूनही रेबीज गेला नाही. लसीकरण नीट झाल्याशिवाय तो जात नाही, हा धडा मागाहून मिळाला. ज्या बेटावर एक आजारी कुत्रा शिरतो, तिथल्या हजारो कुत्र्यांना माणूस काठीने आणि विषाने मारतो. ब्रुनोच्या दहा दिवसांच्या पारड्यासमोर हे दुसरं पारडं ठेवा, आणि मग दयेची भाषा करा.

पाचवा मुद्दा मात्र मनापासून येतो. क्रूरता. भाचा म्हणाला, "मामा, आपल्या पुण्यात रँडने हेच केलं होतं ना?" हे ऐकून मी सावरून बसलो, कारण विलगीकरण या शब्दाला आपल्याकडे खरोखरच जुनी जखम आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये प्लेग अधिकारी रँडचे गोरे शिपाई बुटांसह देवघरापर्यंत शिरले, माणसं फरफटत नेली, आणि २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. पण त्याच पुण्यात, त्याच वर्षी, हडपसरजवळ यशवंतराव फुले यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी गावाबाहेर दवाखाना उघडला. त्यांच्या आई सावित्रीबाई स्वतः रुग्णांना उचलून तिथे नेत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. रुग्णाला वस्तीपासून वेगळं ठेवणं दोन्हीकडे होतं. रँडच्या वेगळं ठेवण्यात जुलूम होता, सावित्रीबाईंच्या वेगळं ठेवण्यात शुश्रूषा. प्रश्न वेगळं ठेवण्याचा नाही, कसं ठेवता याचा आहे.

त्या कसोटीवर बोलायचं तर तक्रारीला जागा आहे, आणि मी ती झाकणार नाही. मिकलहॅममध्ये मालकाला भेटायला परवानगी नाही. पर्थला राहायला जाणाऱ्यालाही कुत्रा आधी मेलबर्नलाच उतरवावा लागतो. सगळा खर्च काही लाखांत जातो, आणि मधल्या देशातल्या सहा महिन्यांची सोय ज्याचं तिथे कोणी नाही त्याने कशी करायची याचं उत्तर नियमात नाही. या गोष्टींवर भांडा, मीही सही करतो. पण नियमच काढा म्हणणं वेगळं आणि नियम माणुसकीने राबवा म्हणणं वेगळं.

पुराव्यावर बोललं तर बेटं ऐकतात, हेही इतिहास सांगतो. ब्रिटनने पहिल्या महायुद्धानंतर चोरून आणलेल्या कुत्र्यांमुळे शिरलेला रेबीज १९२२ पर्यंत निपटून काढला आणि पुढे दशकानुदशकं सहा महिन्यांचं विलगीकरण चालवलं. १९६९ मध्ये कँबर्ली इथे जर्मनीहून आलेला एक कुत्रा सहा महिने पूर्ण करून सुटला आणि दहा दिवसांनी पिसाळला. नुसतं कोंडून ठेवणं पुरत नाही हे तेव्हा कळलं. लस, चिप आणि रक्ताची चाचणी ही साखळी भरवशाची ठरल्यावर २००० पासून त्यांनी कोंडणं सोडायला सुरुवात केली. हवाईमध्ये १९१२ पासून विलगीकरण होतं, पुढे कित्येक वर्षं १२० दिवसांचं. आज तयारी पूर्ण असेल तर होनोलुलूच्या विमानतळावरूनच कुत्रा घरी जातो. ऑस्ट्रेलियानेही २०१४ मध्ये किमान मुदत तीस दिवसांवरून दहावर आणली होती. आणि कोंडणं कुठे कामी येतं तेही सांगतो. २००८ मध्ये श्रीलंकेहून लंडनला आणलेलं एक पिल्लू विलगीकरणातच रेबीजने मेलं. ज्यांना चावलं होतं त्यांच्यावर उपचार झाले, आणि गोष्ट त्या चार भिंतींत संपली. ते पिल्लू एखाद्या घरात गेलं असतं तर?

मग आपला राग कोणावर हवा? माझं उत्तर भाच्याला आवडलं नाही, पण तेच खरं आहे. ब्रुनोचे सहा महिने ऑस्ट्रेलियाने नाही, आपल्या गल्लीने खाल्ले. जागतिक आरोग्य संघटना भारतातले रेबीजचे मृत्यू वर्षाला अठरा ते वीस हजार सांगत आली; अलीकडच्या एका मोठ्या भारतीय पाहणीने तो आकडा सुमारे ५,७०० वर आणला. कोणताही धरा, लक्षणं दिसल्यावर जवळजवळ कोणीच वाचत नाही अशा रोगाने, ज्यावर लस आहे अशा रोगाने, इतकी माणसं मरतात. पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक मराठी माणसाला पोटातली चौदा इंजेक्शनं आठवतात. आपण ती गोष्ट विनोद म्हणून सांगतो. ज्यांनी आपल्या देशातून हा रोग घालवला, ते ती भीती म्हणून ऐकतात.

आणि हे आपल्यालाही जमतं. गोव्यात २०१४ पासून गल्लोगल्ली जाळी घेऊन फिरत भटक्या कुत्र्यांना लस टोचण्याची मोहीम चालली, कुत्रा चावल्याची खबर आली की माग काढण्याची यंत्रणा उभी राहिली, शाळांतून मुलांना शिकवलं गेलं. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. त्याच वर्षी केंद्र सरकारने २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवण्याचा राष्ट्रीय आराखडाही काढला. पणजीला जे झालं ते पिंपरीला का होऊ नये?

भाच्याची सोय अखेर झाली. त्याची आतेबहीण दुबईत आहे, तिने ब्रुनोला ठेवून घ्यायचं कबूल केलं. आम्ही दोघांनी हॉलमध्ये बसून पिंजऱ्याची मापं घेतली: नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत, जमिनीपासून कोपरापर्यंत, खांद्यांची रुंदी, उभ्या कुत्र्याची उंची. ब्रुनो टेप चाटत होता. उभं राहता, वळता, पसरून झोपता आलं पाहिजे, एवढा पिंजरा विमान कंपन्या मागतात. आणि झोपेचं औषध द्यायचं नाही. उंचीवर ते जीव घेऊ शकतं. आजपासून पिंजरा हॉलमध्ये उघडा ठेव, त्यातच जेवण दे, म्हणजे तो त्याला आपली खोली समजेल, असं मी सांगितलं. प्रेम दाखवायचं तर ते असं, वर्षभर आधी.

कुत्रा घेऊन निघालेल्यांना माझं सांगणं एवढंच. तारीख ठरायच्या आधी नियम वाचा. चपट्या नाकाचा पग किंवा बारा वर्षांचा थकलेला कुत्रा असेल तर त्याला ओढून नेऊ नका, ओळखीच्या घरी मानाने ठेवा. हमरस्त्यावर सोडू तर अजिबात नका. आणि जाण्याआधी एकदा सोसायटीच्या फाटकाबाहेर या. ती कचराकुंडीशेजारची चार कुत्री दिसतात ना, त्यांच्या रेबीजच्या लशीचे पैसे भरून जा. मागच्या आठवड्यात भाच्याने भरले. तिघांना टोचली; चौथा पळाला. त्याला पकडायचं काम आता माझ्याकडे आहे.